चुकीच्या दारातलं भाषण

माझे बाबा, डॉक्टर आन्सेल्मो इतुर्बे, दोन देशांत राजदूत होते, एकदा सिनेटर झाले, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी एकाच गोष्टीच्या मागे घालवलं. स्पॅनिश लोक यायच्या आधी आमच्याकडे नवा राजा निवडला गेला की म्हातारे सरदार त्याच्यासमोर उभे राहून काय बोलत, हा त्यांचा विषय. त्यावर त्यांनी चारशे पानांचा ग्रंथ लिहिला. ही विद्या आमच्या घराच्या कामी येईल असा एकच दिवस उगवला, आणि त्या दिवशी ते चुकीच्या राजासमोर बोलले. त्यांना तिथे मीच नेलं होतं.

माझा धाकटा भाऊ तिसोक दीड वर्ष तुरुंगात होता. विद्यार्थ्यांच्या मोर्चात धरला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या कमरेत अशा लाथा घातल्या गेल्या की तेव्हापासून लघवीतून रक्त जायचं. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी अधीक्षकाने मला बोलावून सांगितलं, की सोमवारी सकाळी सहाच्या गाडीने निघणाऱ्या 'दोरी'त त्याचं नाव आहे. दोरी म्हणजे एकाला एक बांधून समुद्रातल्या बेटांवर नेली जाणारी कैद्यांची रांग. तिथे मिठागरात राबायचं. तुरुंगाच्या डॉक्टरने हिशेब न लपवता सांगितला : असली मूत्रपिंडं तिथे दोन महिने टिकतील, फार तर तीन.

अधीक्षक वाईट माणूस नव्हता. त्याने दार लावून घेतलं. "आत्ताच्या राष्ट्राध्यक्षांकडून चिठ्ठी आणू नका, त्यांचे दिवस भरलेत," तो म्हणाला. "उद्या-परवा पुढचं नाव फुटतंय. ज्याचं फुटेल त्याच्या ऑफिसातून एक फोन येऊ दे. यादीतलं नाव मी माझ्या हाताने खोडतो."

आमच्याकडे राष्ट्राध्यक्ष आपल्यामागे कोण ते स्वतः ठरवतो, पक्ष जाहीर करतो आणि मग लोक मतं देतात. नाव फुटेपर्यंत सगळे मंत्री तोंडाला कुलूप लावून बसतात. फुटलं की सगळा देश त्या एका माणसाला मिठी मारायला धावतो. पहिल्या तासात कोण आलं ते सहा वर्षं लक्षात ठेवलं जातं, आणि कोण दुसऱ्याच्या दारात दिसलं तेही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता रोसेन्दोचा फोन आला. हा बाबांच्या हाताखाली लिमाच्या वकिलातीत कारकून होता, आता पक्षाच्या कचेरीत चिकटलेला. बांधकाममंत्री बारागान, अगदी पक्कं, असं म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मी बाबांचा काळा सूट काढला. ते जागचे हलेनात. पक्षाने अजून तोंड उघडलेलं नाही, जुने सरदारसुद्धा दवंडी पिटेपर्यंत थांबायचे, असं काहीतरी सांगायला लागले.

"तुमच्या सरदारांची पोरं तुरुंगात रक्त मुतत नव्हती," मी म्हणाले.

ते उठले आणि हात वर करून उभे राहिले. कोट मीच चढवला.

डॉन एलेउतेरिओ बारागान यांच्या घरापुढे गाड्यांना जागा नव्हती. बँड वाजत होता, अंगणात मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेंच्या पातेल्यांतून वाफा येत होत्या, आणि काल त्यांना ओळख न देणारे लोक आज त्यांना नुसतं नावाने हाका मारत होते. एका रेडिओवाल्याने बाबांना ओळखलं आणि त्यांच्या तोंडापुढे माइक धरला. ते माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

बाबा चार मिनिटं बोलले. तसं बोलताना मी त्यांना पुन्हा कधी ऐकलं नाही. राज्य म्हणजे पाठीवर घेतलेलं ओझं आहे, ते वाहताना म्हाताऱ्यांचं ऐक, तुरुंगाची दारं उघडून कारभार सुरू कर, असं ते सगळं जुन्या शब्दांत. बँड थांबला. बारागानच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी बाबांना छातीशी धरलं, मुलाचं नाव विचारलं आणि म्हणाले, संध्याकाळच्या आत फोन जाईल.

मी दोन दिवसांत पहिल्यांदा काही खाल्लं. उभ्या उभ्या एक तमाल, मिरचीचा. हे मला नको इतकं आठवतं.

मग कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर पक्षाचा अध्यक्ष बोलायला लागला. मजूरमंत्री फिदेन्सियो ओल्गिन, असं नाव त्याने घेतलं आणि पुन्हा एकदा सावकाश घेतलं. क्षणभर सगळे हसले, कारण हे खोटं असणार. नंतर गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. कुणी निरोप घेतला नाही. फाटकात गर्दी झाली म्हणून दोन खासदार कुंपणावरून उतरले, त्यातल्या एकाची विजार फाटली. बँडवाले ड्रम डोक्यावर घेऊन पळाले, त्यांना ओल्गिनचा पत्ता तरी ठाऊक होता. दहा मिनिटांत अंगणात बारागान, त्यांची बायको आणि आम्ही दोघं उरलो.

बाबा खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले. मी त्यांची बाही धरली, चला म्हणाले. त्यांनी बाही सोडवून घेतली. यांना असं एकटं टाकून कसं जायचं, असं ते मला हळूच म्हणाले. माझ्या मनात आलं की या माणसाला इथेच मारावं.

बारागाननीच सुटका केली. "जा, डॉक्टर. तुमच्या जागी मी असतो तर त्या कुंपणावर पहिला मी असतो."

ओल्गिनच्या बंगल्याबाहेर आम्ही दोन तास रांगेत उभे होतो. पुढच्या-मागच्या लोकांनी आमच्याशी एक शब्द काढला नाही. त्यांच्या गाड्यांतही रेडिओ होते. बाबा पुटपुटत होते. मला वाटलं नवं भाषण जुळवताहेत. जवळ कान नेला तर ते फक्त तिसोकचं नाव, जन्मतारीख आणि कोठडीचा नंबर घोकत होते.

आमच्याकडची मिठी मोजून असते. हात मिळवायचा, कवेत घ्यायचं, पाठीवर तीन थापा, पुन्हा हात आणि बाजूला व्हायचं. बाबांनी उभ्या हयातीत हजारो मारल्या असतील. ओल्गिननी त्यांना हसत कवेत घेतलं. "तुमचं भाषण गाडीत ऐकलं, डॉक्टर. फार सुंदर," ते म्हणाले आणि थापा दिल्या, एक, दोन, तीन.

बाबांनी सोडलं नाही.

त्यांनी ओल्गिनच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि पाठीमागे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली. "माझा मुलगा," ते कानात म्हणाले. "सोमवारी सहाची गाडी आहे. मला काही नको. माझा मुलगा." ओल्गिनचं हसू तसंच होतं, कॅमेरे लखलखत होते. सोडा, डॉक्टर, असं ते ओठ न हलवता म्हणाले. बाबांनी आणखी आवळलं. मग एक अंगरक्षक मागून आला आणि त्यांची करंगळी उलटी वाकवायला लागला. कॅमेऱ्यांना त्याची पाठ दिसत होती, करंगळी दिसत नव्हती. मी पुढे झाले आणि माझ्या बापाची बोटं एकेक करून स्वतः सोडवली.

"डॉक्टरांना भरून आलं," ओल्गिन लोकांना म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी पेपरच्या पहिल्या पानावर तोच फोटो होता, चार कॉलमी. ओल्गिन हसताहेत, बाबा डोळे मिटून त्यांच्या खांद्यावर. इतकी लांब मिठी त्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळाली नव्हती. अकरापर्यंत पहिली पुष्पकरंडी आली. दुपारी एक आख्खा भाजलेला टर्की, कोन्याकच्या सहा बाटल्या, आणि फोनवर रोसेन्दो : शिक्षण खातं की परराष्ट्र, एवढंच विचारत होता. मी दिवसभर ओल्गिनच्या ऑफिसचा नंबर फिरवत राहिले. नाव सांगितलं की तिकडची मुलगी माझं अभिनंदन करायची आणि फोन ठेवून द्यायची.

सोमवारी मी साडेपाचला स्टेशनवर गेले. कठड्यापासून गाडी दूर होती. तिसोक डावीकडून चौथा होता. त्याला नीट चालता येत नव्हतं म्हणून त्याच्या मागचा म्हातारा कैदी त्याला कमरेला धरून चालवत होता. मी हाक मारली. त्याने भलतीकडेच पाहिलं.

घरी परतले तर आमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत माणसं उभी होती. सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या. बाबा काळा सूट घालून दिवाणखान्यात बसले होते, करंगळी सुजून जांभळी झालेली. त्यांनी मला विचारलं, "गेला?" मी हो म्हणाले. त्यांच्यापुढे शाल पांघरलेली एक बाई होती. तिचा मुलगा पुढच्या महिन्याच्या दोरीत होता. तिने वाकून बाबांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि बाबांनी तो हात काढून घेतला नाही.

मला ते सहन झालं नाही. मी तिच्या खांद्याला धरून तिला उठवलं.

"बाई, घरी जा. आमच्या हातात काही नाही. आमचाच मुलगा आज सहाच्या गाडीने गेला."

तिने हातातला पेपर उलगडला, फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जराही रागावली नाही. मोठ्या घरातून असं बोललं जातं हे तिला माहीत असावं.

"असू दे, ताई," ती म्हणाली. "साहेबांना सवड होईपर्यंत मी बाहेर पायरीवर थांबते."