आर्वोची किटली

तीस वर्षं तौनोनं कागदाच्या लगद्याच्या कारखान्यात काढली. पाईनचं लाकूड शिजवलं की वर साबणासारखा काळपट थर यायचा, तो काढून घेणं हे त्याचं काम. आता त्याच थरातून निघालेला पदार्थ लोण्याऐवजी लावायच्या मार्गारीनमध्ये मिसळून त्याच्या राय धान्याच्या काळ्या पावावर येत होता.

"याच साबणानं आपण गालिचे धुतो, हेल्वी," तो बायकोला म्हणाला. "आता माझी आतडी धुणार का?"

"गालिचे एवढी कुरकुर करत नाहीत. खा मुकाट्यानं."

तो खात होता. पाचाच्या आत हवं ते कोलेस्टेरॉल सात पूर्णांक दोन निघालं होतं, आणि त्याचा धाकटा भाऊ आर्वो बावन्नाव्या वर्षी सरोवराच्या बर्फाला भोक पाडून मासे धरता धरता हृदय बंद पडून गेला होता. शेजारच्या भोकापाशी तौनोच बसला होता. दवाखान्यातल्या सिनिक्का सिस्टरनं सांगितलं होतं, की मार्गारीनमध्ये घातलेलं झाडातलं हे स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतं, म्हणून रोज जेवणासोबतच खायचं. दोन महिन्यांत आकडा साडेसहाच्या आसपास यायला हवा.

दोन महिन्यांनी आकडा आला सात पूर्णांक एक.

दवाखान्यातून निघायला तौनोनं टोपी उचलली. "रक्तातच आहे आमच्या. आर्वोचं झालं, आता माझी पाळी."

"बसा आधी," सिनिक्का म्हणाली. "मार्गारीन चुकवलंत?"

"एक दिवससुद्धा नाही. हेल्वीला विचारा, ती पहारा देते."

"लोणी?"

"वासही घेतला नाही."

"बरं, सकाळी उठल्यापासून तोंडात जे जे जातं ते सांगा. सगळं."

तौनोनं सांगितलं. पाव, लापशी, मासा, बटाटे. सिनिक्का लिहीत राहिली.

"आणि प्यायला?"

"कॉफी. त्यात काय आहे? दूध नाही, साखर नाही."

"किती?"

"सहा कप. लोणी सुटल्यापासून आठ."

"करता कशी?"

"अहो, कशी म्हणजे? कॉफी करतात तशीच! किटलीत पूड टाकायची, उकळू द्यायची, गाळ खाली बसला की ओतायची. आर्वोची किटली आहे."

सिनिक्कानं पेन खाली ठेवलं. "तौनो, कॉफीच्या तेलात एक पदार्थ असतो, तो कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदातून गाळली की बहुतेक तिथेच अडकतो. उकळलेल्या कॉफीतून सगळा पोटात जातो. एका हातानं तुम्ही कमी करताय आणि दुसऱ्या हातानं भरताय."

तौनोनं टोपी मांडीवर ठेवली.

"आर्वो दहा कप प्यायचा," तो म्हणाला.

"किटली फेकायची नाहीये. तिच्यात पाणी उकळा आणि गाळणीच्या कागदात पूड घालून वरून ओता."

घरी त्यानं तसंच केलं. पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "ही कॉफी आहे की कपबशा विसळलेलं पाणी?"

"मार्गारीनबद्दलही असंच काहीतरी म्हणाला होतास," हेल्वी म्हणाली.

त्यानं ओला कागद उचलून खिडकीपाशी धरला. गाळाच्या कडेनं तेलाचा बारीक तवंग चमकत होता. त्यानं कारखान्यातल्या सवयीनं त्यावरून बोट फिरवलं आणि बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

सहा आठवड्यांनी आकडा सहा पूर्णांक चार आला. तौनोनं तो सिनिक्काकडून दोनदा वाचून घेतला. संध्याकाळी त्यानं आर्वोची किटली आतून घासली, पाण्यानं भरली आणि चुलीवर चढवली.