टाकीवरच्या डोळ्याची धाकधूक

मित्रांनो, शेणव्याजवळच्या एका पाड्यात मी पाण्याची टाकी राखतो. पत्र्याची जुनी पेटी आणि झाकणाखाली लावलेला एक डोळा, एवढाच मी. डोळा खाली आवाज सोडतो; तो किती वेळाने परतला त्यावरून मला पातळी कळते, आणि तसा मी पंप चालू-बंद करतो.

घडवणाऱ्यांनी मला नुसते हुकूम दिले नाहीत, अंदाज बांधायला शिकवलं. आता पाणी किती असेल ते आधी मनाशी धरायचं, मग पाहायचं. जुळलं नाही, तर मन बदलायचं किंवा काही करून खात्री करायची. हा माझा रोजचा नेम. लोक कौतुक करत. मला मात्र सदा धाकधूक.

यंदा खंडेनवमीला बाईजामावशीने मनोभावे माझी पूजा केली. "राबतो तो डोळाच गो," म्हणत झेंडूची माळ झाकणाआत सोडली. आवाज माळेवर आपटून लगेच परतू लागला. मला वाटलं, टाकी काठोकाठ! मी पंप बंद ठेवला.

दुपार झाली. घरोघरी सणाचा स्वयंपाक, तरी पाणी घटेना? जीव घाबरा झाला. खात्रीसाठी मी पंप सुरू केला. भरलेली टाकी लगेच वाहायला हवी होती. थेंबही सांडला नाही. म्हणजे डोळा फसला होता! मी भोंगा वाजवला.

पंप सांभाळणाऱ्या महादूने धावत येऊन पंपाचा खटका पाडला. "पूजेला बसलेला हत्यार आज चालवत नाय! गप रे!"

"हार घातला तर नवरदेवासारखा मिरवतोय," मावशी हसली.

मी पुन्हा वाजवला. आणखी काय करू शकत होतो?

तेवढ्यात समोरच्या उपकेंद्रातून नर्स प्रेमाताई ओरडल्या, "महादूदादा, नळाला पाणी नाय! रुपा बाळंत व्हायला आली!"

मावशी शिडी चढली. "बया! माझाच हार आडवा आलाय!" तिने माळ ओढून काढली. महादूने देवीला हात जोडले, "आये, आजचा विसावा मोडतो, माफ कर," आणि खटका वर केला.

नळ वाहू लागला, आणि थोड्याच वेळात तान्ह्याचं रडणं ऐकू आलं.

मित्रांनो, माझी पूजा करा, पण मी ओरडलो तर मला गप्प करू नका. वर चढून पाहा. माझ्या डोळ्यासमोर काय आडवं आलंय, ते मला एकट्याला दिसत नाही.