पंप ताईचा

शेवटच्या आजारपणात वडील दोन्ही मुलांसमोर एवढंच म्हणाले होते, "कारखाना धाकट्याचा. पंप ताईचा."

त्यांच्या घरात पंप म्हणजे नुसतं लोखंड कधीच नव्हतं. "पंप लावा" अशी हाक आली, की कोणीतरी पुढच्या सुतारकारखान्यात जाऊन लाल बटण दाबायचं आणि मागच्या विहिरीचं पाणी ताईच्या रोपवाटिकेत धावायचं. विहीर, मोटार, अंगणावरून आलेली थ्री-फेजची वायर, लाल बटण, हे सगळं मिळून पंप. ताईनं ते तसंच ऐकलं आणि निर्धास्त झाली.

वडील गेले, आणि धाकट्यानं अंगणावरची वायर कापून, नीट वेटोळं करून, कारखान्यात खिळ्याला टांगली.

"पंप तुझाच आहे, ताई. मी त्याला हात तरी लावलाय का?" तो म्हणाला. "लाइन कारखान्याची. बाबा कधी म्हणाले, लाइन ताईची?"

म्हणाले नव्हते. या एका प्रश्नावर धाकटा कितीही वेळ भांडू शकत होता, तेही आवाज न चढवता.

ताईनं काकांना मध्यस्थीला बोलावलं. शब्द देताना तेही खोलीत होते. पण काकांचा गुडघा दुखत होता. मग पाहुणे आले. मग पुन्हा गुडघा. इकडे ताई बादलीनं पाणी काढत होती आणि रोपं माना टाकत होती. घरात तिला साधी सिंगल फेज होती, पण तिच्यावर पंप चालवायची कल्पनाही तिला नको होती. तसं केलं तर लाइन सोडून दिल्यासारखं होईल, असं तिला वाटे. हक्क धरून ठेवावा तर रोपं जातात, रोपं धरावीत तर हक्क जातो. शेवटी पेरूच्या कलमांची पानं कडेनं करपलेली दिसली आणि तिनं वायरमनला फोन केला.

वायरमन बोलका होता. त्यानं मोटारीचा डबा उघडून आतल्या पट्ट्या बदलून बसवल्या आणि घरची लाइन जोडून, विहिरीपाशीच नवं बटण बसवून ते क्षणभर दाबलं. मोटार नुसतीच गुरगुरली. त्यानं लगेच बंद केली.

"जळली का?" ताईनं विचारलं.

"रुसली. बागेत मुलांचं गोल फिरायचं चक्र असतं ना, तसं समजा. तिघांनी ओळीनं ढकललं की ते गरगरतं. हिला तशी सवय. आता ढकलणारा एकच. तो बिचारा पुढं ढकलतो, मागं ओढतो, चक्र जागच्या जागी हलतं." त्यानं पिशवीतून डबीसारखा कपॅसिटर काढला. "हा दुसरा गडी. पहिल्याच्या जरा मागून ढकलतो. तेवढ्यानं फिरायची दिशा मिळते."

"आणि तिसरा?"

"तिसरा तुमच्या भावाकडे टांगलाय."

ताईला हसू आलं नाही. वायरमननं मान खाली घालून स्क्रू पिळले. "पूर्वीचा जोर यायचा नाही, ताई. पाइपचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा ठेवा, नाहीतर मोटार तापेल."

या वेळी मोटार आधी कण्हली आणि मग फिरू लागली. पाइप थरथरला, हवा ओकला आणि त्यातून पाणी आलं. जवळच्या वाफ्यांतली माती काळी होत गेली. ताईनं ओल्या मातीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

आवाज ऐकून धाकटा कारखान्याच्या दारात आला. त्यानं पाहिलं, खिशातून फोन काढला आणि ताईला ऐकू येईल असं म्हणाला, "काका, पंप चाललाय. येऊन बघा एकदा."

काकांचा गुडघा त्या दिवशी बरा होता. ते आले, विहिरीच्या काठावर टेकले, पाण्याकडे बघून समाधानानं मान डोलावली.

"झालं की गं. मग एवढं काय अडलं होतं?"

"काका, तुम्ही तिथं होतात. बाबांच्या मनात लाइन होती की नव्हती?"

"आता ते कशाला उकरायचं? पंप तुझा म्हणाला होता, तो चालतोय तुझ्या घरच्या लाइनवर. दादाचा शब्द राहिला."

"मी तेच सांगत होतो," धाकटा मऊ आवाजात म्हणाला. "ताईला उगाच वाटत होतं, मी पाणी तोडलं. चला काका, चहा घेऊ. ताई, तूही ये."

"तुम्ही घ्या," ताई म्हणाली.

दोघं कारखान्यात गेले. थोड्या वेळानं करवत सुरू झाली. पाणी तिसऱ्या वाफ्यापर्यंत गेलं आणि तिथंच घुटमळलं. पुढचे वाफे, पेरूच्या कलमांचे, कोरडेच होते.

"व्हॉल्व्ह जरा आणखी उघडू का?" वायरमननं विचारलं.

"नको. तापेल म्हणालात ना?"

तिनं पदर खोचला आणि शेवटच्या वाफ्यातल्या कलमांच्या पिशव्या, एका हातात एक, दुसऱ्यात एक, उचलून पाण्याजवळ आणायला सुरुवात केली.