केसांची दांडवण

"आधी पाणी विचारायचं, मग दोऱ्याला हात लावायचा. समजलीस का गो?"

कुंडलिकबाबा दर खेपेला असं म्हणत, आणि राही सासऱ्यांच्या शेजारी मेण मळत मान हलवी. खोल पाण्यातला मासा एक खातो, काठच्या गवतातला दुसरंच. तेव्हा कुठल्या पाण्यासाठी गळ बांधायचा ते ठाऊक असावं, एवढाच अर्थ तिनं धरला होता.

बाबा शहापूरकडच्या धरणाच्या तळ्यावर नावाडी होते. रविवारी साहेबलोक गळ घेऊन येत. त्यांच्या गळांना खरं आमिष नसे. केसांचे आणि पिसांचे खोटे मासे असत, विलायतेहून आलेले. त्यातला एक फाटका बाबांनी घरी आणून उसवला, परत बांधला, आणि पुढं साहेबांना बाबांच्याच हातचा लागू लागला. बाबा फाल्गुनात गेले. नाव नवसूच्या, म्हणजे राहीच्या नवऱ्याच्या हातात आली, पण तात्पुरती. "पावसाळा सरताना बघू," असं नवे साहेब म्हणाले होते. नवसूची बोटं वल्ह्यानं जाड झालेली, म्हणून बांधायचं काम राहीकडं आलं. त्यात लढाई लागली आणि विलायतेचा माल यायचा थांबला.

राहीची रीत ठरलेली. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, मारुतीपुढं दिवा, मग चूल. सोमवारी एकभुक्त. श्रावणात घरात मासळी नाही आणि आढ्याला टांगलेली गळांची पेटीही उघडायची नाही. पेटीचा नेम बाबांचा होता. गंमत अशी की बाबा तसे नेमाधर्माचे नव्हते. श्रावणात बहिणीकडं जाऊन सुकट खाऊन येत, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पेटीला मात्र महिनाभर हात लावत नसत.

श्रावणातल्या शनिवारी नवसू उंबऱ्यावर येऊन बसला. उद्या साहेब येणार, पेटी काढायला लागेल, म्हणाला. राहीनं महिन्याची आठवण दिली.

"केसांचा मासा गो तो. त्याला ना रगत, ना खवलं. तुझ्या मारुतीला इचार, तो बी हासंल."

मग त्याचं हसू गेलं. उद्या साहेब रित्या हातानं परतले, तर नाव धरणाच्या बंगल्यावरच्या खानसाम्याच्या भाच्याला जाणार होती. त्यानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

राहीनं आढ्याकडं पाहिलं. केस काही मांस नव्हे, असं तिच्या मनानं घेतलं. देवाचं नाव घेऊन तिनं पेटी खाली काढली.

चिरलेल्या बांबूच्या फटीत गळ घट्ट बसवून तिनं बांबू गुडघ्यांत धरला. रेशमी दोरा मेणावरून ओढून घेतला. जुन्या लुगड्याच्या काठाची जरीची तार गळाच्या दांडीवर वेढे देत गुंडाळली. ते पोटाचं चांदीपण. वर बकऱ्याच्या शेपटीचे पांढरे केस, चिमटीत मावतील तेवढेच. जास्त झाले की पाण्यात मासा न दिसता केरसुणी दिसते. दांडवण या बोटभर मासोळीच्या अंगावर काळी रेघ असते, म्हणून दोन्ही बाजूंना काळे केस. डोळ्यांसाठी रानकोंबड्याच्या मानेची पिसं, टोकाशी पिवळट थेंब गोठल्यासारखी. तिचा भाऊ मंगळू मुरबाडकडून, सिद्धगडाच्या रानातून ती आणून देई. डोक्याशी दोरा आवळून गाठ मारली, वर रोगणाचं बोट फिरवलं.

रोगण सुकल्यावर तिनं परातीतल्या पाण्यात ती दांडवण ओढून पाहिली. ओढली की केस मिटत, थांबली की फुलत. श्वास घेतल्यासारखं. राहीनं नकळत हात जोडले.

कुठल्या पाण्यासाठी, हे तिनं विचारलंच नाही.

रविवारी दिवस कलताना नवसू ओलं पोतं घेऊन आला. नाव आपलीच राहिली, साहेबानं पाठ थोपटली, असं त्यानं सांगितलं. पण चेहऱ्यावर त्याचा आनंद नव्हता. पोतं त्यानं घंगाळ्यात सोडलं. आत हातभर लांब मरळ होती, आणि जिवंत होती. मरळीचं तसंच असतं. अंग ओलं ठेवलं तर ती पाण्याबाहेरही पुष्कळ वेळ तग धरते. साहेबाचा मुक्काम बंगल्यावर होता, सकाळी ती तिथं खानसाम्याला पोचवायची होती.

राहीनं आता विचारलं, "कुठल्या पाण्यातली?"

नवसू खाली बघत सांगू लागला. गवताळ कोनात पाणी लाल दिसत होतं. मरळीची नुकती फुटलेली पिल्लं तशी लाल असतात, घोळका करून वर तरंगतात, आणि मरळ खाली राखणीला असते. त्या दिवसांत तिला भुकेची शुद्ध नसते. पिल्लांजवळ येईल त्या माशावर ती धावून जाते. साहेबानं नाव तिथंच घ्यायला लावून गळ टाकला. मरळ दांडवण खायला आलीच नव्हती. हाकलायला आली होती.

राहीच्या ध्यानात आलं, की बाबांचा नेम तोंडाचा नव्हताच, पाण्याचा होता. श्रावणात तळ्यात काय चाललेलं असतं, ते बाबांना माहीत होतं.

"पिल्लं?" तिनं विचारलं.

"पाणकावळे घिरट्या घालत होते."

पोत्यात मरळ एकदा हलली. राहीनं तिच्यावर तांब्याभर पाणी घातलं.

"सोडून या."

"आन् सकाळी खानसाम्याला काय देऊ? तुझा उपास?"

"तुमी सोडून या. साहेबाला मी सांगन. माझ्या हातच्या दांडवणीनं धरली, तर सांगायचं बी मीच."

साहेबाला मोडकंतोडकं मराठी समजे, ते नवसूला माहीत होतं. तरी तो म्हणाला, "तू? बाजारात तुझा आवाज मिरचीवालीला ऐकू येत नाय."

"जवळ उभी राहीन."

"नाव जाईल गो."

"जाईल," ती म्हणाली. "तरी सांगन. शब्द दिला तुमाला."

नवसूनं बायकोकडं पाहिलं, मग पोत्याकडं. पोतं खांद्यावर टाकून तो निघून गेला.

दिवेलागणीला परतला तेव्हा चिखलानं भरलेला होता. त्यानं सांगितलं, मरळ थोडा वेळ हातातच पडून राहिली, मग शेपटीचा एक फटका मारून खाली गेली. पिल्लं उरली होती, पण आधीइतकी नव्हती. ती आईजवळ आली का, ते अंधारात दिसलं नाही.

पहाटे तिची आंघोळ झाली, तुळशीला पाणी झालं, दिवा झाला. सोमवार होता, सकाळी खायचं काही नव्हतंच. नवसू सोबत येतो म्हणाला. तिनं नको म्हटलं. नाव कोणी मागायला येईपर्यंत तरी त्यानं नावेजवळ असावं.

बंगल्याची वाट धरणाच्या भिंतीवरून जात होती. भिंत ओली होती. राहीनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि खानसाम्याची चूल पेटायच्या आत पोचावं म्हणून पाऊल उचललं.