खसखशीच्या बरणीतला पासपोर्ट

मी एक पासपोर्ट बोलतोय. हंगेरीचा. रंगाने गडद लाल, छातीवर सोनेरी मुकुट. दिसायला राजबिंडा म्हणावा असा, पण माझं निम्मं आयुष्य खसखशीच्या बरणीत गेलं. ज्या घरात मी राहत होतो ते युक्रेनमध्ये होतं, आणि तिथल्या सरकारला एका माणसाकडे दोन देशांचे पासपोर्ट असलेले चालत नसत.

माझी मालकीण एतेल्का. तिसा नदीच्या काठी, सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर तिचं गाव. गाव सगळं हंगेरियन बोलणारं. ती गावच्या दवाखान्यात सरकारी नर्स होती. दवाखान्यातलं घड्याळ कीव्हच्या वेळेचं, आणि घरातलं नदीपलीकडच्या वेळेचं, म्हणजे एक तास मागे. असं दोन्हीकडे पाय ठेवून जगायची त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे, त्याचं त्यांना काहीच वाटत नाही.

माझा जन्म झाला तो लेकीच्या ओढीने. एतेल्काची एकुलती एक मुलगी एनिको लग्न होऊन नदीपलीकडे गेली. गच्चीवरून ओरडलं तर ऐकू जाईल इतकं ते अंतर, पण जायला व्हिसा हवा. दर वेळी रांग, दर वेळी फोटो, दर वेळी कुणीतरी विचारणार की कशाला जाता.

"लेकीकडे जायला परवानगी?" एतेल्का एकदा भडकून म्हणाली. "तिला जन्म दिला तेव्हा मी कुणाला विचारायला गेले होते?"

तिचे आजोबा जन्मले तेव्हा ते गाव हंगेरीतच होतं. त्यांचा जन्मदाखला असला आणि भाषा येत असली की नागरिकत्व मिळायचं. एतेल्काने चर्चच्या कपाटातून दाखला शोधून काढला. तिचा नवरा गेर्गे मात्र पहिल्यापासून विरोधात.

"जिवंतपणी आजोबांनी कधी कुणाला मदत केली नाही," तो म्हणाला, "आणि आता मेल्यावर उपयोगी पडतायत होय! नोकरी जाईल तुझी. पेन्शन जाईल. मग त्या मुकुटाचा रस्सा करून खाऊ."

"तूही घे की शपथ."

"छे! एक बायको सांभाळताना नाकी नऊ आलेत, दोन देश कुठून सांभाळू?"

तालुक्याच्या गावी वकिलातीत शपथ झाली. पडदे ओढून घेतलेले. एतेल्काच्या शेजारी गावचा पाववाला उभा होता आणि मागच्या रांगेत शाळेतल्या बाई. तिघांनी छातीवर हात ठेवला आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी पाव घेताना तिघेही हवापाण्यावर बोलले. गावात घरोघरी मी होतो आणि विचारायला गेलं तर कुणाच्याच घरी नव्हतो.

पुढे निळ्यालासुद्धा, म्हणजे तिच्या युक्रेनच्या पासपोर्टलासुद्धा, पलीकडे बिनव्हिसा जायची सवलत मिळाली. पण ठरावीक दिवसांचीच. त्याहून जास्त राहायचं तर मीच हवा. त्यामुळे माझी बरणी काही सुटली नाही.

सरहद्द ओलांडायची त्या लोकांची एक रीत आहे. कोटाच्या उजव्या खिशात निळा, डाव्या खिशात मी. अलीकडच्या खिडकीत निळा दाखवायचा, मग पुलावरून चालत जायचं आणि पलीकडच्या खिडकीत मला काढायचं. विचार करायची गरजच नाही. कानावर युक्रेनियन पडलं की उजवा हात, हंगेरियन पडलं की डावा. एतेल्काचे हात इतके तयार झाले होते की ती त्या वेळी मनात भाजीचा हिशेब करत असायची.

निळा माझ्याशी कधी बोलला नाही. त्याच्या अंगावर शिक्के, माझी पानं कोरी. मला त्याचा हेवा वाटायचा.

मग तो दिवस आला. दवाखान्यात जावयाचा फोन आला. एनिकोला आठवा महिना चालू होता, सकाळपासून रक्तस्राव होत होता आणि डॉक्टर लगेच पोट उघडणार होते. "आई कुठंय म्हणून एकसारखं विचारतेय हो," जावई म्हणाला.

एतेल्का नर्सच्या कपड्यांतच घरी आली. बरणीत हात घालून तिने मला उपसून काढलं. ओट्यावर, जमिनीवर, सगळीकडे खसखस सांडली. एरवी ती मला ब्रशने झाडून, फडक्यात पुसून न्यायची. त्या दिवशी तसंच खिशात कोंबलं. इतकी वर्षं नर्स असलेली बाई, रक्तस्राव म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको होतं.

गेर्गेने गाडी हाणली. सरहद्दीच्या नाक्यावर ती उतरताना तो म्हणाला, "मी येऊ शकत नाही गं." त्याच्याकडे मी नव्हतो आणि निळाही नव्हता, कारण त्याने कधी कसला पासपोर्टच काढला नव्हता. तो आडव्या दांडीपाशीच उभा राहिला.

रांग सरकत होती. अलीकडच्या खिडकीत नवा अधिकारी बसला होता, दूरच्या प्रांतातून बदलून आलेला, चाळिशीचा, टकलाकडे झुकलेला. माणूस भला असावा. इथल्या लोकांना बरं वाटावं म्हणून त्याने त्यांच्या भाषेतले चार शब्द पाठ केले होते. एतेल्का समोर आली, तिचा उतरलेला चेहरा त्याने पाहिला आणि हसून चक्क हंगेरियनमध्ये म्हणाला, "नमस्कार, काकू."

आणि एतेल्काचा डावा हात वर आला.

मी काचेखालून सरकलो तेव्हाच मला कळलं की काहीतरी चुकलंय. त्या बाजूच्या उजेडात मी कधी आलोच नव्हतो. एतेल्काला कळलं ते क्षणभराने. तिची बोटं काचेखाली तशीच राहिली.

अधिकाऱ्याचं हसू मावळलं. "हे काय?" आता तो युक्रेनियनमध्ये बोलत होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "आटपा की! आम्हाला पण जायचंय!"

त्याने मला उघडलं. पानांतून खसखस टेबलावर पडली. ती त्याने बोटाने एका बाजूला लोटली, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं.

"आपला पासपोर्ट आहे ना तुमच्याकडे?"

तिने निळा दिला. त्याने आम्हा दोघांना शेजारी शेजारी उघडं ठेवलं. दोन्हीकडे तीच हनुवटी आणि हनुवटीवर तोच तीळ.

"कुठं निघालात?"

"मुलगी दवाखान्यात आहे," एतेल्का म्हणाली. "पोट उघडतायत तिचं. आठवाच महिना आहे हो. मला थांबवू नका. काय चौकशी करायची ती परत आल्यावर करा, मी कुठं पळून जात नाही."

तो काही बोलणार तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि त्याचा वरिष्ठ आत आला. "काय रे, रांग का अडलीय?"

माझी पानं त्याच्या अंगठ्याखाली होती. तो अंगठा घामाने ओला झालेला मला जाणवला. त्याने झटकन मला मिटलं.

"काही नाही साहेब. पलीकडचा पासपोर्ट आहे. या बाईंना वाटेत पडलेला सापडला, आणून दिला." मग एतेल्काकडे वळून, साहेबाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "तुमचा नाही ना हा?"

एतेल्काने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आत तिचं नाव होतं, तिच्या आजोबांमुळे मिळालेलं नागरिकत्व होतं, तिची शपथ होती. हो म्हणाली असती तर चौकशी, जबाब, कदाचित संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसणं, आणि पलीकडे एनिको.

"नाही," ती म्हणाली. "माझा नाही."

"खणात टाक," साहेब जाता जाता म्हणाला. "वकिलातीकडे पाठवू सवडीने."

निळ्यावर शिक्का पडला आणि ती पुलाकडे धावत सुटली. तिच्या सपाता फरशीवर वाजत होत्या. मग खण बंद झाला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? ज्याच्यासाठी नोकरी पणाला लावली, नवऱ्याचे टोमणे ऐकले, त्याला एका शब्दात झटकून टाकलं! खणात रबराचे शिक्के होते, तुटकी पेन्सिल होती, अर्धवट खाल्लेली बिस्किटं होती. त्यांच्यात पडून मी आठवड्यामागून आठवडे धुमसत राहिलो. पण रागाच्या खाली काळजी होती. पोरीचं काय झालं, ते मला कोण सांगणार?

शेवटी एक दिवस ओळखीचा आवाज आला. एतेल्का परतीच्या वाटेवर होती.

"काय झालं, काकू?" अधिकाऱ्याने हळूच विचारलं. युक्रेनियनमध्ये. त्या दिवसानंतर त्याने कुणालाही हंगेरियनमध्ये नमस्कार केला नव्हता.

"नात झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. अजून नळीनेच दूध पाजतात."

"आणि तिची आई?"

"वाचली. भिंतीला धरून चालते."

"मग त्यांना सोडून इतक्यात परत?"

"या निळ्यावर एवढेच दिवस राहता येतं."

मग त्याने काहीतरी शोधत असल्यासारखा खण ओढला. एतेल्काने मला पाहिलं आणि मी तिला. ती सुकली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. वर कॅमेरा होता, शेजारच्या खिडकीत दुसरा शिपाई होता.

"हा सापडलेला उद्या वकिलातीत जाईल," तो खाली बघतच म्हणाला. "याच्या फोटोतल्या बाई कुणी ओळखीच्या असतील तर सांगा त्यांना."

"भेटली तर सांगेन," एतेल्का म्हणाली. तिने पदरासारखं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि निघून गेली.

उद्या मला लिफाफ्यात घालतील. वकिलातीत गेल्यावर माझं काय होतं ते मला ठाऊक आहे. एतेल्काने जाऊन ओळख पटवली तर हा कुठे सापडला, कसा सापडला, असे दहा प्रश्न निघतील आणि त्या भल्या माणसाची नोकरी जाईल. तेव्हा तू तसं करू नकोस, एतेल्का. माझा राग कधीच गेलाय. तू सरळ जा आणि पासपोर्ट हरवला म्हणून लिहून दे. मग माझा कोपरा कापतील आणि मी रद्द होईन. होऊ दे. शपथ एकदाच घ्यावी लागते, तुला नवा मिळेल. पण लवकर कर. तिकडे एक ओंजळीएवढी पोर आहे आणि तिच्या आईला अजून भिंत धरावी लागते.