विमा एजंटची वीस मिनिटं

रोज दुपारी दोनच्या ठोक्याला गोळी घेते, म्हणून गल्लीतल्या बायका तिला घड्याळ म्हणत. एचआयव्ही होऊच नये म्हणून घ्यायची ही गोळी. आठ महिन्यांत एकदाही चुकली नव्हती. ज्या दवाखान्यातून ती मिळे, तिथल्या डॉक्टरीणबाई मात्र एवढ्या नियमित नव्हत्या.

तिचं दर बुधवारचं गिऱ्हाईक म्हणजे एक विमा एजंट. त्या बुधवारी तो तीन वाजता आला, बूट काढून भिंतीशी लावले आणि थेट कामाचंच बोलायला लागला.

"मी विचार केलाय. तू गोळी घेतेस. शिवाय आता घरच्या घरी करायची तपासणी आलीय म्हणे. माझ्यासमोर कर. निगेटिव्ह निघालीस की आपल्यात कंडोम नको. इतक्या वर्षांचं नातं आपलं."

"सोळा महिन्यांचं, साहेब. आणि तेही बुधवारचं."

"अगं, आम्ही तपासणीशिवाय पॉलिसीसुद्धा देत नाही."

"मग दोन्ही पार्ट्यांची होऊ दे."

"माझी? मी संसारी माणूस आहे!"

"माझ्याकडे येतात ते सगळे संसारीच असतात," असं म्हणत घड्याळने कपाटातून तपासणीचे दोन डबे काढले. "गेल्या अर्ध्या तासात काही खाल्लंत?"

त्याने जिन्यात पेपरमिंट तोंडात टाकलं होतं. त्यामुळे अर्धा तास थांबणं आलं. तेवढ्यात एजंटने तिला पेन्शनची एक योजना समजावून सांगितली. उतारवयात फार उपयोगी होती. हप्ते मात्र उतारवयापर्यंत भरायचे होते.

मग तिने त्याच्या हातात काडी दिली. "वरच्या हिरड्यांवरून एकदा, खालच्यांवरून एकदा. दात घासायचे नाहीत."

दोन काड्या दोन बाटल्यांत उभ्या राहिल्या. डावीकडे तिची, उजवीकडे त्याची. एक रेघ म्हणजे काही नाही, दोन म्हणजे दवाखाना गाठायचा. मोबाइलवर तिने वीस मिनिटांचा गजर लावला. अठराव्या मिनिटाला शेजारणीने हाक मारली, "घड्याळबाई, नळाला पाणी आलंय, बादल्या लाव!"

ती बादल्या भरून आली तेव्हा गजर वाजत होता आणि एजंट खिडकीशी पाठमोरा उभा होता. वळला तेव्हा त्याचा चेहरा मयताला गेलेल्या माणसासारखा होता.

"धीर धर," तो म्हणाला.

तिने पाहिलं. डावीकडच्या काडीवर दोन रेघा, उजवीकडच्या काडीवर एक. तिने गजर बंद केला आणि पुन्हा पाहिलं.

एजंटला सांत्वनाचा वीस वर्षांचा अनुभव होता. "अजिबात खचायचं नाही. आता चांगली औषधं आहेत. नेमाने घेतली की माणूस धडधाकट म्हातारा होतो. लवकर कळलं हे नशीबच समज." मग आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त इथल्या मालकीणबाईंच्या कानावर घालावं लागेल. त्यांचाही विमा माझ्याकडेच आहे. कर्तव्य आहे माझं."

ते कर्तव्य घड्याळला ठाऊक होतं. गेल्या वर्षी कोपऱ्यातल्या खोलीतल्या मुलीला नुसता दहा दिवस ताप आला होता. अकराव्या दिवशी तिची गादी जिन्यात होती.

घड्याळने डावीकडची काडी उचलून दांडी उलटी केली. मग उजवीकडची उचलली, तिचीही दांडी उलटी केली आणि पलंगावर टेकली.

"साहेब, ते औषधांचं खरं ना? धडधाकट म्हातारं होता येतं?"

"शंभर टक्के! लिहून देतो."

"बरं झालं. आम्ही पाचजणी दर तीन महिन्यांनी एकत्र तपासणी करतो. पाच काड्या एका ताटात. भांडणं नकोत म्हणून दांडीच्या मागे नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. माझा मोरपंखी. आजही सवयीने लावला." तिने उजवीकडची काडी त्याच्यापुढे धरली. ठिपका मोरपंखी होता. "पाणी भरून येईपर्यंत काड्यांनी जागा बदलल्या वाटतं."

एजंट खुर्चीवर बसला. खुर्चीवर तिची ओढणी होती, तीही त्याच्याखाली गेली.

"घाबरलो गं," तो म्हणाला.

"दिसलं ते."

"काडी चुकीचीही असेल."

"असेलही. म्हणूनच दवाखान्यात रक्त तपासून खात्री करतात. आणि खचायचं नाही. आता चांगली औषधं आहेत, नेमाने घेतली की माणूस धडधाकट म्हातारा होतो. शंभर टक्के. तुम्हीच लिहून देणार होता."

तो हसायला गेला. ते जमलं नाही.

"मालकीणबाईंना..."

"ज्याची काडी त्याची गोष्ट, हा आमचा नियम. मी कुणाला सांगणार नाही. तुम्हीही माझ्याबद्दल काही बोलणार नाही."

"नाही, नाही."

कपाटातून तिने तिसरा डबा काढून त्याच्या बॅगेत पॉलिसीच्या कागदांवर ठेवला. "हा तुमच्या बायकोला. सांगायचं तुम्हीच."

एजंटने बूट घातले. उजवा डाव्या पायात गेला, मग काढून पुन्हा घातला. दाराशी तो थांबला.

"दवाखाना कधी उघडतो?"

"उद्या सकाळी नऊला."

"तू... येशील सोबत?"

घड्याळने ओढणी झटकून खांद्यावर घेतली.

"येईन. पण दोनच्या आत परत सोडा. माझी गोळी असते."