हलका खटका

चष्मेवाल्याने तिसरा फवारा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि त्याचा खटका चार-पाच वेळा दाबून पाहिला. दिवसभर चष्म्याच्या दांड्यांचे तिळाएवढे स्क्रू पिळणारी त्याची बोटं. त्यांनाही तो जडच वाटला.

"कमोडशेजारी लावायचाय ना?" दुकानदार म्हणाला. "मग हा पितळी न्या. पुन्हा बघायला नको."

"खटका हलका हवाय."

"हलका म्हणजे किती हलका?"

त्याने काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. फुटपाथवरच्या बाकावर सासूबाई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. "नळांच्या दुकानात माझं काय काम," असं म्हणून त्या बाहेरच थांबल्या होत्या, आणि तेही त्याच्याकडे न बघता, समोरच्या खांबाला सांगितल्यासारखं.

लेकीच्या घरी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. लेकीने स्वतः जमवलेल्या लग्नाला त्या गेल्या नव्हत्या, आणि त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत फोनवर जावयाची चौकशी त्यांनी "घरात सगळे बरे ना?" या 'सगळे'मध्येच उरकली होती. आता त्यांच्या घराचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं म्हणून पंधरवड्यासाठी त्या आल्या, आणि तीन दिवस झाले नाहीत तोच म्हणाल्या, "शुक्रवारी निघते मी."

"छप्पर उघडं आहे ना, आई? माझं काही चुकलं का?" लेकीने विचारलं होतं.

"छे गं," एवढंच उत्तर आलं. लेक त्या दिवशी डबा घरीच विसरून कामावर गेली.

जावयाच्या नजरेतून मात्र एक गोष्ट सुटली नव्हती. सासूबाईंनी उभा जन्म शिवणवर्ग चालवला होता, आणि कात्री धरून धरून त्यांचा उजवा अंगठा कामातून गेला होता. बाथरूममधला नळ कमोडच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्याही खाली. तिथे वाकून भरलेला मग उचलायचा म्हणजे धडधाकट माणसाचीही कसरत. दोनदा त्याने आतून मग पडल्याचा आवाज ऐकला होता. मग बराच वेळ काही नाही. दुसऱ्या वेळी त्या बाहेर आल्या तेव्हा बाही कोपरापर्यंत ओली होती आणि चेहरा असा, की कोणी काही विचारायची सोय नाही. त्या दिवसापासून त्या दुपारचा चहा नको म्हणू लागल्या, पाणीही घोटभरच पिऊ लागल्या.

हे बायकोला सांगावं असं त्याच्या दोनदा मनात आलं. पण ती आईशी बोलली असती, आणि आई त्याच दिवशी बॅग भरून मोकळी झाली असती. तेव्हा त्याने गुपचूप सुट्टी टाकली आणि सकाळी चाचरत विचारलं, "आई, मी जरा बाजारात चाललोय. येता का? पाय मोकळे होतील." घरात दोघांनीच समोरासमोर बसून राहण्यापेक्षा रस्ता बरा, असा विचार करूनच त्या निघाल्या असाव्यात.

आता त्याने तिन्ही फवारे उचलले आणि तो दाराबाहेर गेला.

"झाडांना पाणी घालायला घेतोय," तो म्हणाला. "कुठला हाताला बरा वाटतो, बघता का जरा?"

चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात झाड सोडाच, गवताची काडीही नव्हती. सासूबाईंनी फवाऱ्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"झाडं कसली?" त्यांनी विचारलं.

"छोटी. कुंडीतली."

"हं."

त्यांनी पर्स बाजूला ठेवली. पितळी फवारा घेतला. अंगठा खटक्यावरून घसरला. दुसरा घेतला आणि लगेच परत केला. तिसरा साध्या प्लास्टिकचा होता, पण त्याचा खटका लांब पट्टीसारखा, चारही बोटांनी मुठीत धरून दाबायचा. त्यांनी तो दाबला. सोडला. पुन्हा दाबला. कपड्याचा पोत पारखावा तशी त्यांची मान किंचित कलली.

"हा चालेल," त्या म्हणाल्या. "झाडांना."

एवढ्यात दुकानदार दारात आला. "साहेब, त्याच्याबरोबर जोर कमी-जास्त करायचा वेगळा कॉक घ्यायला लागेल. नाहीतर एकदम फुल येतं पाणी."

जावई काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "द्या तो. झाडं छोटी नाहीत, म्हातारी आहेत."

दुकानदाराला काहीच कळलं नाही. जावई मात्र खोकल्याचं निमित्त करून आत पळाला.

नळाचं काम करणारा माणूस शनिवारपर्यंत मोकळा नव्हता. शुक्रवार त्याच्या आधी येत होता. म्हणून जावयाने पक्कड आणि पाना शेजाऱ्यांकडून आणला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो कमोडशेजारी उकिडवा बसला. असलं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. बेसिनखालचा कॉक त्याने घट्ट बंद केला. हाच सगळ्या बाथरूमचा, असा त्याचा समज. सासूबाई दारात उभ्या राहून खोक्यातला कागद हात लांब करून वाचत होत्या.

"'आधी पाणीपुरवठा बंद असल्याची खात्री करा,'" त्यांनी वाचलं.

"केलाय."

फ्लशच्या टाकीच्या नळीचा नट हलायला तयार नव्हता. त्याने दात-ओठ खाऊन जोर लावला. नट हलला, आणि पाण्याची धार सरळ त्याच्या छातीवर आली. तिथून आरशावर, आरशावरून टॉवेलांवर. त्याने तळव्याने धार दाबली तर ती दहा दिशांना फुटली.

"अरे, तो नव्हे! टाकीखालचा फिरव, टाकीखालचा!"

"दिसत नाही मला!"

चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. सासूबाईंनी कागद टाकला, खुंटीवरचा टॉवेल ओढला आणि त्या चपलांसकट आत शिरल्या. टाकीखालच्या भिंतीतल्या कॉकवर टॉवेल गुंडाळून त्यांनी दोन्ही तळव्यांत तो धरला आणि सगळं अंग वळवून फिरवला. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली.

दोघंही नखशिखान्त भिजली होती. छतावरून एक थेंब टपकला आणि बरोबर त्याच्या नाकावर पडला.

"लोकांना नजर देता म्हणे तुम्ही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे हलू लागले. आधी आवाज आलाच नाही. मग असा आला की त्यांना कमोडच्या झाकणावर बसावं लागलं. तो फरशीवर बसून हसला. एक थांबलं की दुसरं सुरू होई.

हसू ओसरलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की मघाशी त्या त्याला 'अरे' म्हणाल्या होत्या. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण कागद उचलून झटकताना त्या अगदी औपचारिक आवाजात म्हणाल्या, "पुढचं वाचू का? तुम्ही तयार असाल तर."

नवा कॉक बसला. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली. पहिल्यांदा उलटी, मग सुलटी. नळी जोडली. शेवटी फवारा अडकवायचा हूक उरला. पेन्सिल हातात घेऊन तो भिंतीसमोर उभा राहिला आणि तसाच थांबला. हूक कुठे हवा, हे एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते त्याला विचारता येत नव्हतं.

सासूबाई क्षणभर त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग नीट सरळ होऊन झाकणावर टेकल्या, उजवा हात सहज जाईल तिथे नेला आणि एक बोट भिंतीवर ठेवलं.

"इथे."

त्याने बोटाच्या टोकाशी फुली मारली. झाडांचं नाव कोणीच काढलं नाही.

हूक बसल्यावर त्याने दार बाहेरून ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली, मुद्दाम आदळआपट करत. तरीही मध्येच फवाऱ्याची सर्रकन सर ऐकू आली. थांबली. पुन्हा आली, या वेळी जरा लांबलेली. त्याने ताटं आणखी जोरात आपटली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सासूबाई खोलीत जाऊन दुसरे, कोरड्या बाह्यांचे कपडे घालून आल्या. ओट्यापाशी येऊन त्यांनी भांड्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"एवढी भांडी कधी पडली?"

"पडली," तो म्हणाला.

त्यांनी फडकं घेतलं आणि त्या शेजारी उभ्या राहून ताटं पुसू लागल्या.

संध्याकाळी लेक आली तेव्हा गॅलरीत ओल्या कपड्यांची रांग लागली होती. तिने विचारलं, तर आई म्हणाली, "नळाचं काम काढलं होतं आम्ही." त्या 'आम्ही'वर लेक जरा अडखळली.

शुक्रवारी सकाळी लेकीने दबक्या आवाजात विचारलं, "आई, गाडी किती वाजताची बघू?"

"कारागिरांचा फोन आला होता. अजून दिवस लागतील म्हणे," सासूबाई म्हणाल्या. सकाळपासून कुणाचाच फोन वाजला नव्हता. पावाला लोणी लावता लावता त्यांनी जावयाकडे मान वळवली. "आमच्याकडेही नळ असाच मागे आहे. छप्पर झालं की ये एकदा. हत्यारं घेऊन ये."

लेकीच्या हातातला चमचा बरणीतच राहिला.

"येतो की," तो घाईने म्हणाला. "पुढच्या शनिवारी चालेल?"

"अरे, मी अजून इथेच आहे ना," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक पाव स्वतःकडे ओढला.